थट्टेचं वतन

मेलेल्या माणसाचा कोट अंगात, त्याचीच टोपी डोक्यावर आणि त्याचीच काठी हातात, अशी एक ठेंगणी बाई लंगडत अंगणात आली आणि जमलेल्या मंडळींवर खेकसली, "काय रे, मी मेल्याबरोबर बरे जेवायला जमलात! जिवंत होतो तेव्हा एकानं चहाला बोलावलं नाही!"

अंगणात हशा उसळला. आत, उघड्या दारासमोर शवपेटीशी बसलेल्या बायकांचं रडणं मध्येच तुटलं आणि मेलेल्याची म्हातारी बायको अंगावरच्या रंगीत कापडाचं टोक तोंडात कोंबून गदगदा हसायला लागली.

"कुमुद," माझ्या शेजारी बाकावर बसलेले अप्पा कुजबुजले, "ही बाई प्यायलेली आहे का?"

"नाही, अप्पा."

"मग वेडी?"

"नाही."

"मग हिला कुणी हाताला धरून बाहेर का काढत नाही?"

"तिचा हक्क आहे तो."

अप्पांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू तो कोट मीच घालून आले होते.

अप्पा म्हणजे माझे थोरले दीर, त्र्यंबकराव सबनीस, तासगावचे निवृत्त मुख्याध्यापक. माझा नवरा दिगंबर त्यांचा धाकटा भाऊ. अप्पांसमोर मी त्याला 'अहो' म्हणत असे, एरवी दिगू. दिगू टांझानियात एका साखर कारखान्यावर इंजिनियर होता आणि आम्ही तिथल्या वसाहतीत राहत होतो. ऐंशी सालच्या आसपासची गोष्ट. त्या वर्षी अप्पा आफ्रिका पाहायला आमच्याकडे आले होते.

आले ते सांगलीच्या शिंप्याकडून शिवून घेतलेला खाकी सफारी घालून. त्याला इतके खिसे होते की चष्मा कुठल्या खिशात आहे हे शोधण्यात त्यांचा निम्मा प्रवास गेला असावा. डोक्यावर जुन्या गोऱ्या साहेबांसारखी बुचाची हॅट. तसली हॅट मी उभ्या आफ्रिकेत फक्त अप्पांच्या डोक्यावर पाहिली. वसाहतीतले कामगार तिच्याकडे टक लावून बघत, आणि अप्पांना वाटे आपला वचक बसतोय.

आल्या दिवसापासून त्यांचं एकच पालुपद होतं. "मला खरं खेडं दाखवा. हे तुमचे क्वार्टर्स, क्लब, बाजार, हे काही आफ्रिका नव्हे. मला हे लोक मुळात कसे जगतात ते पाहायचंय. चालीरीती, रूढी, नृत्य वगैरे."

दिगू "बघू" म्हणायचा. दिगू नेहमी एवढंच बोलायचा. कामगारांनी त्याचं नाव 'ब्वाना किम्या' ठेवलं होतं. आपल्याकडे म्हटलं असतं, गप्पसाहेब.

शेवटी बॉयलरवरच्या फोरमननं, फुलगेन्सीनं, आम्हाला रविवारी आपल्या गावी जेवायला बोलावलं. आणि शनिवारी त्याचा निरोप आला, की वडील वारले, उद्या पुरायचं आहे, पण साहेबांनी पाहुण्यांना घेऊन यावंच. मातीला पाहुणा आला तर मेलेल्याचा मान वाढतो.

दिगू म्हणाला, "मी एकटा जाऊन येतो."

"एकटा का?" अप्पा उठून बसले. "अरे, मी इतक्या लांबून आलो आणि साक्षात अंत्यविधी बघायला मिळतोय! हा योगच म्हणायचा."

दुसऱ्याच्या घरच्या मरणाला योग म्हणणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते. पण थोरल्या दिरांना उलट बोलायची आमच्यात पद्धत नव्हती. दिगूनं नुसतं त्यांच्याकडे बघितलं आणि जीपची किल्ली खिशात टाकली.

त्याच्या त्या बघण्याला कारण होतं. चार-पाच महिन्यांपूर्वी तासगावला माझे सासरे, नाना, वारले होते. तार आली तेव्हा दिगू कामावर निघाला होता. त्यानं ती वाचली, घडी घातली, खिशात ठेवली आणि कामावर गेला. दार-एस-सलामहून विमान मिळालं असतं. दहाव्याला तर आरामात पोचला असता. तो गेला नाही, आणि का गेला नाही हे मला सांगितलंही नाही. मी रात्री जेवताना विषय काढला तर म्हणाला, "भाजी वाढ." त्यानंतर घरात नानांचं नाव निघालं नव्हतं. अप्पा आल्यावर मात्र रोज निघत होतं. नानांची शिस्त, नानांची करारी नजर, नानांच्या शोकसभेला आलेले तीन तीन माजी आमदार. दिगू पेपर वाचत बसायचा.

फुलगेन्सीचं गाव डोंगराच्या पायथ्याशी होतं. जीपमधून उतरल्या उतरल्या अप्पांचा हिरमोड झाला. घरांवर पत्रे होते. कुठल्याशा घरात रेडिओ लागला होता. एका झाडाखाली सायकलचं पंक्चर काढणं चाललं होतं.

"हे काय," अप्पा म्हणाले, "हे तर आपल्या कवठे-एकंदसारखंच आहे."

"हो," दिगू म्हणाला.

"मग मी एवढा खर्च करून कशाला आलो?"

अंगणात पुरुषांसाठी बाक मांडले होते, बायकांच्या चटया घराच्या सावलीला होत्या. दुभाषी म्हणून मला अप्पांच्या शेजारी बाकावर बसवलं. दिगू पलीकडे कारखान्याच्या माणसांत जाऊन बसला. मागच्या बाजूला मोठमोठ्या पातेल्यांत मक्याच्या पिठाची उकड घोटली जात होती. गावातला जो येई तो "पोले" म्हणून हात हातात घेई. तुमच्या दुःखात आम्ही आहोत, असा त्या एका शब्दाचा अर्थ. अप्पांनाही मी तो शिकवला होता. ते प्रत्येकाला "पोळे, पोळे" म्हणत होते, त्यामुळे मला उगाच मध आठवत होता.

आणि मग ती कोटवाली बाई आली.

तिचं नाव मामा स्कोला. तिकडे 'मामा' म्हणजे आई, कुठल्याही मोठ्या बाईला म्हणतात. फुलगेन्सीनं बाकामागून वाकून आम्हाला समजावलं, "घाबरू नका. हे वतानी आहेत. नदीपलीकडचे."

"वतनी?" अप्पांचे कान टवकारले. "म्हणजे वतनदार का?"

मी फुलगेन्सीला विचारत विचारत त्यांना सांगितलं. ह्या गावचे आणि नदीपलीकडचे लोक फार पूर्वी एकमेकांचे गळे कापत असत. मग केव्हातरी दोघांनाही कंटाळा आला. तह झाला आणि ठरलं, की यापुढे भाल्यानं नाही, जिभेनं मारायचं. तेव्हापासून पलीकडच्यांनी ह्यांची आणि ह्यांनी पलीकडच्यांची वाटेल ती थट्टा करावी, आणि कुणी कुणावर रागवायचं नाही. विशेष करून मातीच्या दिवशी. खड्डा खणायला पलीकडचेच येतात, राबतात, पाणी भरतात, आणि मेलेल्याची यथेच्छ टिंगल करतात. रडणाऱ्यांना रडू म्हणून देत नाहीत.

"आणि रागावलं तर?" अप्पांनी विचारलं.

"दंड."

एका अर्थानं अप्पांनी ऐकलं ते चुकीचं नव्हतं. वतनच होतं ते. बापाकडून मुलाकडे आलेलं, थट्टेचं वतन.

स्कोला तेवढ्यात शवपेटीपुढे जाऊन उभी राहिली होती. "कालिस्टी," ती मेलेल्याला म्हणाली, "नीट निजलास का? आयुष्यभर दुसऱ्याच्या शेतात पाय पसरून निजलास, आता ह्या एवढ्याशा पेटीत कसं होणार तुझं?" पुन्हा हशा. मग ती म्हाताऱ्याच्या चालीनं चालली, त्याच्या सुरात नातवंडांवर ओरडली, आणि त्याच्या बायकोपुढे गुडघे टेकून तिला लाडीगोडी लावू लागली, तेव्हा ती म्हातारी हसता हसता अशी काही रडली की आधीचं सगळं रडणं त्यापुढे रंगीत तालीम वाटावी. स्कोलानं तिला कोटाच्या बाहीनं पुसलं आणि तशीच पुढे गेली.

मला वाटतं, त्या क्षणी अप्पांनी ठरवलं की आता आपणच काहीतरी केलं पाहिजे.

"कुमुद, ऊठ. मी दोन शब्द बोलतो. ह्यांना कुणीतरी सांगायला हवं."

"अप्पा, कशाला..."

पण अप्पा उभे राहिले होते. तीस वर्षं दर पंधरा ऑगस्टला बोललेला माणूस तो. घसा साफ झाला, एक हात पाठीमागे गेला, दुसरा छातीपाशी आला.

"जमलेल्या बंधू-भगिनींनो! मृत्यू हा शोकाचा विषय आहे, तसाच तो चिंतनाचाही विषय आहे. ज्या महान भारतभूमीतून मी आलो, तिथल्या ऋषिमुनींनी हजारो वर्षांपूर्वी सांगून ठेवलं आहे, की देह नश्वर आहे, आत्मा अमर आहे. आत्मा जुनं वस्त्र टाकून नवं वस्त्र धारण करतो..."

थांबून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी स्वाहिलीत म्हटलं, "पाहुणे म्हणतात, पोले. आणि म्हणतात, मेलेला माणूस जुने कपडे टाकून नवे घालतो."

"अगदी खरं!" स्कोला टाळी वाजवून म्हणाली. "जुने इथे आहेत बघा!" आणि कोट दोन्ही हातांनी पसरून तिनं स्वतःभोवती गिरकी घेतली.

लोक बाकांवरून खाली घसरले. अप्पा थांबले नाहीत. मला वाटतं त्यांना ती दाद वाटली. ते गांभीर्यावर बोलले, संस्कृतीवर बोलले, आमच्याकडे सुतकात हसतसुद्धा नाहीत हे बोलले. मी सगळ्याचं भाषांतर "पोले" असं करत गेले. आणि मग माझ्या लक्षात आलं, की लोकांची नजर अप्पांवर नाही, त्यांच्या मागे आहे. मागे स्कोला उभी होती. एक हात पाठीमागे, दुसरा छातीपाशी, पोट पुढे, मान वर. अप्पांचा हात हवेत गेला की तिचा जाई. अप्पा खाकरले की ती खाकरे. शब्द मराठी नव्हते, नुसतंच "बडबडबड, बडबड, बड!" पण चाल आणि ठेका इतका हुबेहूब, की आमच्या तासगावच्या शाळेतल्या कुठल्याही मुलानं डोळे मिटून ओळखलं असतं.

अप्पांनी वळून बघितलं.

"हा अपमान आहे!" ते ओरडले. "कुमुद, हिला सांग! मी वयानं, मानानं... दिगंबर! तू नुसता बसून काय पाहतोयस? चला, निघायचं आपल्याला!"

भाषांतराची गरजच पडली नाही. सगळं अंगण एका सुरात ओरडलं, "दंड! दंड!"

स्कोला पुढे आली, टाचा उंचावून तिनं अप्पांच्या डोक्यावरची हॅट अलगद उचलली आणि मेलेल्याच्या टोपीवर चढवली. दोन मजली. बोडक्या डोक्यानं अप्पा एकदम लहान दिसायला लागले. टकलावर हॅटचा लाल वळ उठला होता.

"आता फिटलं," स्कोला म्हणाली आणि त्यांचा हात धरून त्यांना बाकावर बसवलं. स्वतः शेजारी टेकली. कुणीतरी वाडगी आणून दिली, उकड आणि पालेभाजी. तिनं आपल्या हातानं गोळा मोडून अप्पांच्या वाडग्यात ठेवला. तिचा सूर आता वेगळा होता. "फुलगेन्सी सांगत होता, तुमचा पण बाप ह्या वर्षी गेला?"

मी भाषांतर केलं. अप्पांनी मान हलवली. एवढा तमाशा झाल्यावर निघून जाणं किंवा बसणं, दोन्ही सारखंच लाजिरवाणं होतं, आणि त्यांना भूक लागली होती.

"पोले. त्याची थट्टा कुणी केली?"

"थट्टा?" अप्पांचा घास हातात राहिला. "आमच्यात कुणी करत नाही. नानांची तर... नानांपुढे बोलायची टाप नव्हती कुणाची."

"कुणीच नाही केली?" स्कोलानं जीभ टाळूला लावून चक चक केलं. "मग तो जाणार कसा? दाराशीच बसून असेल बिचारा."

"तसं नाही," अप्पा सावरून बसले. शिकवायची संधी त्यांनी कधी सोडली नाही. "आमच्याकडे शास्त्र आहे. दहाव्या दिवशी भाताचे पिंड ठेवतात. कावळा येऊन शिवला की समजायचं, जाणाऱ्याची काही इच्छा राहिली नाही."

मी सांगितलं. अंगणभर गंभीर चर्चा झाली. एका म्हाताऱ्यानं विचारलं, पक्षी तोच का, दुसरा चालत नाही का. दुसऱ्यानं विचारलं, कावळ्याचं पोट भरलेलं असलं तर काय करता. स्कोलानं विचारलं, "मग ह्याच्या बापाला कावळा आला?"

"आला," अप्पा म्हणाले. "लगेच आला."

त्याच वेळी समोरच्या बाकावरून दिगू उठला.

मला वाटलं जीपकडे निघाला. तो अंगणाच्या फाटकापर्यंत गेलासुद्धा. तिथे एका पोराच्या हातातली फांदी त्यानं मागून घेतली. मग वळला. आणि वळला तेव्हा तो दिगू नव्हता. खांदे मागे गेले होते, ओठ आत ओढले गेले होते, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला होता. त्यानं फाटकाच्या खांबाशी उभं राहून जोरात खाकरलं, खांबावर फांदीचे दोन टोले मारले, आणि माझ्या अंगावर काटा आला, कारण तो आवाज मी लग्नानंतर वर्षभर तासगावच्या घरात ऐकला होता.

"कोण आहे घरात?" दिगू नानांच्या आवाजात म्हणाला.

घर माणसांनी भरलेलं असायचं तेव्हा विचारायचे नाना हे. आपण आल्यावर कुणी हजर नव्हतं, असा त्याचा अर्थ. घरातली सात-आठ माणसं भिंतीला टेकून उभी राहायची.

कारखान्याची माणसं आ वासून बघत होती. ब्वाना किम्या बोलत होते! दिगू एकेका बाकापुढे थांबून फांदीच्या टोकानं कुणाचा शर्ट वर उचलत होता, कुणाची नखं बघत होता, बाकावरून बोट फिरवून धूळ नाकापाशी नेत होता. लोकांना मराठीचा एक शब्द कळत नव्हता आणि सगळं कळत होतं. असा म्हातारा तिथे घरोघरी असावा. ते हसून हसून बाक बडवत होते.

"दिगंबर!" अप्पा उभे राहिले होते. मला वाटलं आता हे धाकट्या भावाच्या मुस्कटात मारणार. "दिगंबर, हे काय चालवलंयस तू? हे... हे चूक आहे!"

दिगू तसाच उभा.

"साफ चूक आहे," अप्पा म्हणाले. "आधी खाकरायचे नाहीत ते. आधी काठी. काठी ऐकली की आई पाण्याचा तांब्या घेऊन धावायची. ती दारात पोचली की मग खाकरायचे. तिच्या अंगावर. तू लवकर गेलास घर सोडून. आण इकडे."

चुकीचं उत्तर खोडल्याशिवाय ज्यांना झोप लागत नसे, ते अप्पा फाटकाशी गेले आणि त्यांनी दिगूच्या हातातली फांदी घेतली.

काठी. मग थांबणं. मग खाकरणं. स्कोला तांब्या घेतल्यासारखे हात करून धावत गेली आणि खाकरणं ऐकून अशी दचकली, की मी न पाहिलेल्या सासूबाई मला दिसल्या.

"त्र्यंबक!" अप्पा नानांच्या आवाजात गरजले. आणि मग झटकन बाजूला सरकून, मान खाली घालून, स्वतःच्या आवाजात, "जी, नाना."

"आज काय केलंस?"

"शाळेत होतो, नाना."

"म्हणजे काही नाही."

पुन्हा सरकले. "आज काय केलंस?" "मुख्याध्यापक झालो, नाना." "म्हणजे काही नाही."

"आज काय केलंस?" "आदर्श शिक्षकाचं पदक मिळालं, नाना. आमदारसाहेबांच्या हस्ते." "म्हणजे काही नाही."

स्कोलाच्या तल्लख कानानं ते पकडलं. "काई नाई!" ती ओरडली. दोन-चार जणांनी उचललं. मग प्रश्न आला की अप्पांच्या आधी सगळं गाव उत्तर देऊ लागलं. "काई नाई! काई नाई!" चटयांवरच्या बायका ताल धरून टाळ्या वाजवू लागल्या. खड्डा खणणारे नदीपलीकडचे लोक फावडी घेऊन बघायला आले. अप्पा घामानं निथळत होते. खाकी सफारीच्या खिशांतून चष्म्याचं घर, बडीशेपेची डबी, पेन असं काय काय पडत होतं, आणि ते एकदा नाना होत होते, एकदा त्र्यंबक.

"आज काय केलंस?"

आता ते जमिनीकडे वाकले होते, कुणीतरी अंथरुणावर आहे असे. आवाज खाली आला होता.

"तुम्हाला आंघोळ घातली, नाना. कपडे बदलले. पेज भरवली. रात्रभर पाय चेपत बसलो होतो."

गाव उत्तर द्यायला तोंड उघडून होतं. स्कोलानं हात वर केला आणि सगळे गप्प झाले.

अप्पा वाट बघत राहिले. मग त्यांनी स्वतःच म्हटलं, नानांच्या नाही, आपल्याच आवाजात. "म्हणजे काही नाही."

दिगू त्यांच्याजवळ गेला. आमच्या घरात पुरुष एकमेकांना हात लावत नसत. पायाला तेवढा लावत. त्यामुळे दिगूला नेमकं कुठे धरावं ते कळेना. शेवटी त्यानं अप्पांच्या हातातली फांदी धरली, आणि तसेच ते दोघं एकाच फांदीला धरून उभे राहिले, शाळेतली मुलं आगगाडी खेळताना धरतात तसे.

स्कोला आली आणि तिनं दोघांना एका बाकावर बसवलं. पाण्याचा डबा दिला. आतून बायकांनी गाणं धरलं होतं आणि शवपेटी उचलायची वेळ झाली होती.

"कावळा आला नव्हता रे," अप्पा पाणी पिऊन म्हणाले. "दुपार टळेपर्यंत उभा होतो नदीवर. घर रंगवीन म्हटलं, तुझ्याशी नीट वागेन म्हटलं, सगळं कबूल केलं. एक फिरकला नाही. शेवटी भटजींनी दर्भाचा केला."

"माहीत आहे," दिगू म्हणाला.

"तुला कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगायला हवं? नानांच्या ताटाला तोंड लावायची तासगावच्या कावळ्याची काय हिंमत!"

अप्पांच्या तोंडातलं पाणी बाहेर उडालं.

मग आम्ही मातीला गेलो. पलीकडचा एक तरणा गडी खड्ड्यात आडवा होऊन "मला इथे बरं वाटतंय, म्हाताऱ्याला दुसरीकडे न्या" म्हणत होता आणि फुलगेन्सी पाणावल्या डोळ्यांनी हसत, त्यानं बाहेर यावं म्हणून त्याला कोंबडी कबूल करत होता. सगळ्यांबरोबर दिगूनं आणि अप्पांनीही माती टाकली. टाकताना अप्पा काहीतरी पुटपुटले. श्लोक असावा असं मला वाटलं, पण ओठ नीट बघितले तेव्हा "पोले" होतं. ह्या वेळी उच्चार बरोबर होता.

परतताना दोन्ही बाजूंना ऊस होता. उन्हं उतरली होती. अप्पा पुढे दिगूच्या शेजारी बसले होते, मी मागे. मग अप्पांनी चष्मा पुसला, घसा साफ केला आणि ताठ बसले. मुख्याध्यापक परत आले होते.

"एकंदरीत पाहता, दिगंबर," ते म्हणाले, "ह्या समाजाचा मृत्यूकडे पाहण्याचा जो दृष्टिकोन आहे, त्याचं जर आपण मूलगामी चिंतन केलं, तर असं दिसून येईल की..."

"म्हणजे काही नाही," दिगू नानांच्या आवाजात म्हणाला. रस्त्यावरची नजर न हलवता.

अप्पा चटकन गप्प बसले. साठ वर्षांची सवय. मग त्यांच्या नाकातून उचकीसारखा आवाज आला. दिगूचे खांदे हलायला लागले. जीप एका अंगाला कलंडते की काय असं वाटायला लागलं, तेव्हा त्यानं ती उसाच्या कडेला थांबवली. दोघं उतरले. एक ह्या बाजूनं, एक त्या बाजूनं बॉनेटवर ओणवे झाले आणि हसत सुटले. पोट धरून, बॉनेटवर थापा मारत, मध्येच "तांब्या! तांब्या!" असं काहीतरी ओरडत. ते हसणं केव्हा बदललं ते मला सांगता येणार नाही. दिवसभर मी दुभाषीचं काम करत होते, पण ह्या आवाजाला हसणं म्हणावं की रडणं, मला ठरवता येईना.

समोरून दोन बायका डोक्यावर लाकडांच्या मोळ्या घेऊन येत होत्या. त्या थांबल्या. दोघा वाकलेल्या, हुंदके देणाऱ्या पुरुषांकडे त्यांनी पाहिलं आणि मग माझ्याकडे.

"पोले, मामा," त्यातली वयस्क बाई हळू आवाजात म्हणाली. "कोण गेलं?"

"ह्यांचे वडील."

"अरेरे. कधी?"

मी दिगूकडे पाहिलं. त्याचं डोकं अप्पांच्या खांद्यावर होतं.

"आत्ताच," मी म्हटलं.

त्या दोघींनी मोळ्या रस्त्याच्या कडेला उतरवल्या आणि आमच्याजवळ येऊन उभ्या राहिल्या.